साथ करणारे हात



पाच वर्षं प्रार्थनेला मी पेटी वाजवली. पण शाळेच्या एकाही फोटोत मी नाही. फोटो गाणाऱ्यांचे निघाले. म्हणून आज बोलणार आहे ते अशाच एका साथीदाराबद्दल.

१९८८ साली आपण सहावीत होतो. त्या वर्षी दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' सुरू झालं. आपल्या चिखलीत ज्यांच्याकडे टीव्ही होता, त्यांच्या ओटीवर आपली गर्दी व्हायची. पंडित भीमसेन जोशी सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण इतक्या भाषा आणि इतके आवाज एका धाग्यात ओवणाऱ्यांत आपल्या अशोक पत्कींबरोबर लुई बँक्स होते, हे मला फार उशिरा कळलं.

बँक्स यांचा जन्म १९४१ चा, दार्जिलिंगच्या नेपाळी कुटुंबातला. वडील ट्रम्पेटवादक. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर ते जॅझ पियानो वाजवत. आर. डी. बर्मन यांनी त्यांना मुंबईच्या सिनेसंगीतात आणलं. तिथे चित्रपट, जाहिराती, सगळं केलं. पण खरं धाडस पुढेच होतं. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस आणि कर्नाटक संगीताच्या गायिका रमामणी यांच्याबरोबर त्यांनी राग आणि जॅझ एकत्र आणले.

हे सोपं नव्हतं. रागात 'सा' अढळ. जॅझमध्ये खालचे स्वरसमूह सतत बदलतात. शिवाय पियानोच्या पट्टीवर मींड निघत नाही, आपल्या पेटीसारखीच. नाव झालेल्या या वादकाने चाळिशीच्या आसपास पुन्हा विद्यार्थी व्हायचं ठरवलं. पुढे 'माइल्स फ्रॉम इंडिया' या २००८ च्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, त्यातही त्यांचा पियानो आहे.

सर, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून कबूल करतो. तुम्ही मला संगीताच्या परीक्षेला बसायला सांगितलं होतं. मी दहावीचं निमित्त केलं, मग नोकरीचं. तीस वर्षं पेटी माळ्यावर पडून राहिली. गेल्या दिवाळीत खाली काढली, भाता दुरुस्त केला. पन्नाशीजवळ पुन्हा सारेगमपासून सुरुवात केली आहे.

आता प्रार्थना होईल, साथ मी करणार आहे. सूर चुकला तर पूर्वीसारखेच डोळे वटारा, सर.