तोंदोची जमीन आणि जागतिक बँकेचे कर्ज

गरीब देशांतील शहरांना मिळणारी परकीय मदत कोणाच्या हाती पडते, हे पाहावयाचे तर फिलिपिन्समधील तोंदोकडे पाहावे. मॅनिला बंदरालगत भराव घालून केलेल्या जमिनीवरची ही प्रचंड झोपडपट्टी. ती जमीन रहिवाशांना चौरस मीटरला 5 पेसो दराने विकावी, असा कायदा 1956 सालीच झाला. तो कागदावर राहिला. त्याच्याच अंमलबजावणीसाठी 1970 मध्ये ‘झोटो’ ही रहिवाशांची संघटना उभी राहिली. दोन वर्षांनी मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला.

1976 मध्ये जागतिक बँकेने तोंदोच्या सुधारणेसाठी कर्ज दिले ते या सरकारला. पुढच्याच वर्षी झोटोच्या नेत्या त्रिनिदाद हेरेरा यांना अटक करून विजेचे धक्के देण्यात आले. तोंदोत रस्ते झाले, नळ आले. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ‘मदत’ या गोंडस शब्दाला भुलू नये. ते कर्ज होते आणि सुधारणेचा खर्च रहिवाशांच्याच हप्त्यांतून वसूल व्हावयाचा होता. 1986 मध्ये मार्कोस पळाले, तेव्हा देशावर 2,500 कोटी डॉलरांहून अधिक परकीय कर्ज होते. नव्या लोकनियुक्त सरकारने ते फेडण्याचे मान्य केले.