पंखाला उचल कुठून मिळते?



मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी खळ्यावर आली, की पूर्वी उफणणीसाठी वाऱ्याची वाट पाहत बसावं लागे. मळणीयंत्रानं तो खोळंबा संपवला. वारा मात्र आहे तसाच आहे. त्या वाऱ्यात वहीचा एक पुठ्ठा आडवा धरून पाहा. तो गप्प राहतो. आता वाऱ्याकडची कड किंचित वर करा. पुठ्ठा हाताला वर ओढू लागतो. कड आणखी उचला, ओढ वाढते. पण फारच उभा केलात, तर वरची ओढ सरते आणि तो नुसता मागं रेटला जातो.

ह्या वरच्या ओढीला आपण उचल म्हणू. ऊसतोडीला जाताना मुकादमाकडून घेतात ती उचल वेगळी. अर्थात फुकट हीसुद्धा नव्हे. विमानाला तिच्यापायी तेल जाळावं लागतं.

ही उचल येते कुठून? पुष्कळ पुस्तकांत छापलेलं असतं, की पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. खालच्या हवेला मागच्या कडेशी गाठायचं, म्हणून ती जोरात धावते. मीही वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगितलं. शिक्षक बंधुभगिनींनो, हे चूक आहे. वरची हवा जोरात धावते हे खरं. पण ती खालचीच्या आधीच मागच्या कडेशी पोचते. दोघींची भेट मुळी ठरलेलीच नसते! पंख आपल्या दोन्ही अंगांनी हवेला खाली वळवतो, वरच्या अंगाला दाब कमी होतो, आणि हवा जितक्या जोरानं खाली ढकलली जाते तितक्याच जोरानं पंख वर रेटला जातो.

हे डोळ्यांनी पाहायचं तर संगणक उपयोगी पडतो. अमेरिकेच्या नासा या संस्थेनं शाळांसाठी फॉइलसिम नावाचा कार्यक्रम केलेला आहे. पडद्यावर पंखाचा बाक, जाडी, कोन बदलावा. उचलीचा आकडा लगेच बदलतो. एक हिशेब हातानंही करून पाहा. एक चौरस मीटरचा, बेताचा कललेला पंख ताशी 36 किलोमीटर वेगानं निघाला, तर सुमारे 3 किलो वजन पेलील. वेग दुप्पट करा. 6 नव्हे, 12 किलो!

मोठे संगणक याहून खोलात जातात. ते पंखाभोवतीच्या हवेचे लाखो वाफे पाडतात. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जातं, तसा प्रत्येक वाफ्यात किती हवा आली, किती गेली, दाब किती, याचा ताळेबंद मांडतात. पंखालगत वाफे बारीक, दूर मोठे. बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत 1986 साली फ्लोसॉल्व्हर हा संगणक तयार झाला, तो अशाच प्रवाहांच्या गणितासाठी.

पण गणितावर डोळे मिटून विसंबू नये. 1901 साली राइट बंधूंचं ग्लायडर हिशेबाच्या मानानं फारच कमी उचल देऊ लागलं. वाऱ्याच्या जोराचा एक जुना आकडा त्यांनी प्रमाण मानला होता, तोच फुगलेला निघाला. मग त्यांनी लाकडी पेटी केली, तीत पंख्यानं वारा सोडला आणि सुमारे 200 छोटे पंख तपासले. रुंद आखूड पंखापेक्षा लांब अरुंद पंख सरस, हे त्यांना तिथं कळलं. 1902 चं ग्लायडर नीट उडालं. 17 डिसेंबर 1903 ला इंजिनाचं विमान उडालं.

संगणकाचंही तसंच. सोप्या कार्यक्रमात हवेला चिकटपणा नाही असं धरलेलं असतं. त्यामुळं कोन 25 अंश केला तरी पडदा वाढती उचलच दाखवतो. खऱ्या पंखावर साधारण 15 अंशांच्या आसपास वरची हवा पृष्ठभाग सोडून देते, भोवरे उठतात आणि उचल कोसळते. मोठ्या संगणकालाही ह्या भोवऱ्यांचा पुरता हिशेब जमत नाही, काही अंदाज धरावे लागतात. म्हणून विमानाचा पंख आजही वातबोगद्यात आणि आकाशात तपासतात.

तेव्हा वर्गात आधी पुठ्ठा घ्यावा. किती अंशांवर ओढ सरली ते कोनमापकानं मोजून मुलांनी वहीत लिहावं, मग पडद्यावरचा आकडा शेजारी मांडावा. पुठ्ठा सपाट, पंख बाकदार. आकडे जुळणार नाहीत. का जुळले नाहीत, हे मुलांनाच विचारावं.