धरणाची जमा आणि नावे

(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरातील भाषण)



आपल्या अभ्यासवर्गात मुलांना मोठ्या धरणांचा इतिहास कसा शिकवावा, याविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही पडलो बँकेतले कारकून. खात्याला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. एकच बाजू वाचून शिल्लक कळत नाही. धरणाचेही तसेच आहे.

जमेची बाजू भक्कम आहे आणि तीत बाबासाहेबांचा मोठा वाटा आहे. १९४३ साली दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार उडाला. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार मांडला. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. हे मुलांना अभिमानाने सांगावे.

आता नावेची बाजू. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालेच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्यात पाणी घुसले. कोयनेने महाराष्ट्राला वीज दिली. पण तिथून उठलेल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन पन्नास वर्षे उलटली तरी अपुरेच होते.

यांत आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न भूमिहीनांचा. गाव बुडाले की सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मोबदला मिळे. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याची मजुरी बुडाली, तिची नोंद कोठे? १८९४ च्या भूसंपादन कायद्यात तिला जागा नव्हती. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने तीन वर्षे तेथे राबणाऱ्या शेतमजुराचे कुटुंबही बाधित मानले. भूसंपादनाच्या कायद्यात एवढी नोंद यायला ११९ वर्षे लागली!

म्हणून मुलांना धरणाची उंची जरूर पाठ करू द्या. पण सोबत चार प्रश्नही द्या. पाणी कोणाच्या शेतात गेले? वीज कोणाच्या घरी पोचली? घर कोणाचे बुडाले? आणि कागदावर कोणाचे नावच नव्हते? उत्तरे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहू द्या.

ही मुले उद्या अभियंता होतील, तलाठी होतील, कोणी वकील होतील. नोंदीचा कागद त्यांच्या हाती येईल, तेव्हा भूमिहीनाचे नाव त्यातून गळू नये, एवढीच अपेक्षा. जयभीम! नमो बुद्धाय!