उताऱ्यावरचं नाव



निपाणीत रेडिओ लावला की सांगली लागतं आणि काटा जरा सरकवला की धारवाड. मध्यम लहरींना राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका आडवा येत नाही. माणसाला येतो, आणि माणसाच्या कागदाला तर फारच येतो. म्हणून आज कागदापासूनच सुरुवात करतो.

तंबाखूचं रान असलेले एक आजोबा मध्यंतरी माझ्याकडे आले. वकिलीत केस पिकले, त्यामुळे असे कागद घेऊन येणारे पुष्कळ पाहिलेत. त्यांनी कोपरीच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी घातलेला शेताचा उतारा. कर्नाटकात त्याला 'पहाणी' म्हणतात, आमच्या तोंडी अजून सात-बाराच आहे. भावाशी वाटणी झाल्यावर आपला हिस्सा नीट चढला की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. "नाव माझंच हाय म्हणत्यात," ते म्हणाले, "पण मलाच वाचाय येईना झालंय." कागद कन्नडमध्ये होता. मी वाचून दाखवला. आडनाव असं काही उमटलं होतं की त्यांच्या सख्ख्या भावानंही ओळखलं नसतं, आणि चार गुंठे धाकट्याच्या खात्यात जाऊन बसले होते.

आजोबा गेले. मी मात्र त्या रात्री राज्यघटना उघडून बसलो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर आम्ही सगळेच बोलतो, चहाच्या टपरीवर कलमांचे आकडे फेकतो. पण हे आजोबा त्या पुस्तकात नेमके कुठे आहेत?

पहिल्यांदा ते सापडतात तिसऱ्या कलमात. तिथे त्यांचं नाव 'क्षेत्र' आहे. संसदेला कायदा करून कुठल्याही राज्याचं क्षेत्र वाढवता येतं, घटवता येतं, सीमा बदलता येते, नावसुद्धा बदलता येतं. म्हैसूरचं कर्नाटक झालं ते 1973 साली याच कलमाखाली. पुढचं चौथं कलम सांगतं, की अशा कायद्याला घटनादुरुस्ती समजायचं नाही. म्हणजे साधं बहुमत पुरे. अट एवढीच, की ज्या राज्याच्या सीमेला हात लागणार त्याच्या विधिमंडळाकडे राष्ट्रपतींनी विधेयक मतासाठी पाठवायचं. त्याला मुदत घालण्याची सोय 1955 च्या पाचव्या घटनादुरुस्तीनं केली, राज्य पुनर्रचनेच्या ऐन तोंडावर. मुदतीत मत आलं तर ठीक, न आलं तरी गाडी पुढे. याद्या झाल्यावर मामाला विचारतात ना, "काय मामा, स्थळ पसंत आहे ना?" त्यातला प्रकार. मामा नाही म्हणाला म्हणून मांडव मोडत नाही. आंध्र प्रदेशच्या विधानसभेनं जानेवारी 2014 मध्ये तेलंगणाचं विधेयक नाकारलं, आणि फेब्रुवारीत संसदेनं ते मंजूर केलं.

तिसऱ्या कलमाच्या या लवचीकपणाची पहिली मोठी परीक्षा मराठी मुलुखावरूनच झाली. 1956 मध्ये विधेयक मांडलं तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि गुजरात असे तीन तुकडे होणार होते. संसदेतून बाहेर पडताना त्याचं एकच द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. बाबुलाल पराते नावाचे गृहस्थ न्यायालयात गेले: जे विधिमंडळाला दाखवलं ते एक, आणि पदरात पडलं ते दुसरंच, मग पुन्हा विचारायला नको? 1959 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नको. एकदा विचारलं की पुरे, संसदेनं त्यात बदल केला म्हणून दर वेळी परत जाण्याची गरज नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणी आपण भरपूर काढतो, पण हा निकाल कुणाच्या तोंडी येत नाही. सीमाभागाच्या दृष्टीनं तो भाषणांपेक्षा वजनदार आहे.

त्याच 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यात बेळगावची वाटणी एका ओळीत उरकली आहे. बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, नव्या म्हैसूर राज्यात. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात गेला. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत सून चंदगडची आणि सासर बेळगाव तालुक्यातलं. तो स्वल्पविराम त्यांच्या माजघरातून गेला. कायदा अमलात आला 1 नोव्हेंबरला. त्या तारखेला बेळगावात आजही एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसऱ्या रस्त्यावर मराठी भाषकांच्या काळ्या दिवसाची फेरी असते. मधल्या चौकात पोलिसांची गाडी.

या गावाचं नशीब असं, की दोन्ही स्वप्नं इथेच पाहिली गेली. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं, त्याच वेळी कर्नाटक एकीकरणाची परिषदही इथेच भरली. आणि 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तोही बेळगावातच. एकाच घरात दोन भावांनी दोन वेगळी नावं कोरलेली पाटी लावावी तसं.

मग आला महाजन आयोग. हा सीमावाद सोडवायला केंद्रानं तो 1966 साली नेमला, अहवाल 1967 साली. माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजनांनी 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 गावं म्हैसूरला द्यावीत असं सुचवलं, बेळगाव शहर मात्र होतं तिथेच ठेवलं. आता आम्हा निपाणीकरांची गंमत ऐका. त्या 264 मध्ये निपाणी होती. खानापूर, नंदगडही होतं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला, कारण बेळगावाशिवाय अहवाल म्हणजे जेवणातून भातच काढून घेतल्यासारखं. कर्नाटकानं तो उचलून धरला. कागदावर महाराष्ट्रात गेलेली निपाणी कागदावरच राहिली. 'तेव्हा घेतलं असतं तर' असं म्हणणारी माणसं आमच्याकडे होती, आणि 'बेळगावला सोडून आम्ही कसे जाणार' म्हणणारीही होती. कायद्याच्या दृष्टीनं मात्र या दोघांच्याही वादाला अर्थ नाही. आयोगाचा अहवाल हा सल्ला असतो. त्याचं विधेयक होऊन संसदेनं ते मंजूर करेपर्यंत एका बांधाचा दगडही हलत नाही.

महाराष्ट्राचं म्हणणं होतं ते पाटसकर सूत्र लावा, असं. हरी विनायक पाटसकर, मराठी माणूस. त्यांनी आंध्र आणि मद्रास यांच्यातली सीमा आखून दिली: गाव हा घटक, भाषेचं बहुमत आणि भौगोलिक सलगता. त्यावरून 1959 साली कायदा झाला आणि 1 एप्रिल 1960 ला गावं इकडची तिकडे झाली. मराठी पंचानं तेलुगू-तमिळ भांडण सोडवून दिलं, आपलं तसंच राहिलं. पण एक लक्षात घ्या, तिथे दोन्ही राज्यांनी आधी पंच मान्य केला होता. इथे माप कोणतं लावायचं, जिल्ह्याचं की गावाचं, यावरच सहा दशकं गेली.

2004 साली महाराष्ट्रानं कलम 131 खाली सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. या कलमात आजोबा दुसऱ्यांदा येतात, पण इथे ते 'राज्य' होतात. दावा राज्यानं राज्याविरुद्ध करायचा, खाजगी माणसाला त्या दारातून प्रवेश नाही. बरं, आजोबा राहतात कर्नाटकात. म्हणजे त्यांच्या वतीनं बोलणारं सरकार त्यांचं नाही, आणि त्यांचं सरकार प्रतिवादीच्या बाकावर. कर्नाटकाचा मुख्य आक्षेप असा, की सीमा बदलणं हे तिसऱ्या कलमाप्रमाणे फक्त संसदेचं काम, न्यायालय त्यात पडूच शकत नाही. आक्षेप पोकळ नाही. महाराष्ट्राचं म्हणणं असं, की संसदेचा कायदाही समानतेच्या हक्काला बांधील आहे. तोही मुद्दा हलका नाही. डिसेंबर 2022 मध्ये दोन्ही विधिमंडळांनी आठवड्याच्या आत एकमेकांविरुद्ध ठराव केले, 22 तारखेला कर्नाटकानं, 27 तारखेला महाराष्ट्रानं 865 गावांच्या मागणीचा. टीव्हीवर दोन्ही गाजले. न्यायालयापुढच्या कागदांत त्यांनी तसूभरही फरक पडला नाही.

या सगळ्यात गावाला कुणी विचारलं? आमच्या भागापासून चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा लागतो. तिथे विचारलं होतं. संसदेनं 1966 मध्ये खास कायदा केला आणि 16 जानेवारी 1967 ला लोकांनी मतं दिली: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाच्या बाजूनं 1,38,170, विरुद्ध 1,72,191. आपल्याला तो कौल रुचला नसेल, पण प्रश्न संपला. तिसऱ्या कलमात लोकांना विचारणं सक्तीचं नाही हे खरं. पण मनाईही नाही. स्वित्झर्लंडमध्ये बर्न प्रांतातल्या फ्रेंच भाषक ज्युरा भागानं 1974 ला कौल दिला, मग सीमेवरच्या गावांनी एकेकट्यानं मतदान केलं, आणि 1979 ला नवा प्रांत उभा राहिला. मुतिए नावाच्या गावाचं 2017 चं मतदान गैरप्रकारांमुळे रद्द झालं, म्हणून 2021 मध्ये त्यांनी पुन्हा घेतलं. एका गावासाठी! मी हे वाचलं तेव्हा हेवा वाटला, आणि इथे तसं करायचं म्हटलं तर मतदानाच्या आदल्या रात्री काय काय होईल तेही डोळ्यापुढे आलं.

आता आजोबा तिसऱ्यांदा कुठे भेटतात ते सांगतो. कलम 350. त्याची सुरुवात 'प्रत्येक व्यक्ती' अशी आहे. क्षेत्र नाही, राज्य नाही. प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याबद्दल केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करण्याचा हक्क आहे. त्यालाच लागून 350-क आणि 350-ख, 1956 च्या सातव्या दुरुस्तीनं आलेली: मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचा राज्यानं प्रयत्न करावा, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी एक अधिकारी नेमावा. त्या अधिकाऱ्याचं एक विभागीय कार्यालय बरीच वर्षं बेळगावातच होतं. एखाद्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेच्या हद्दीत 15 ते 20 टक्के लोक दुसऱ्या भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही छापाव्यात, असंही त्याच काळात दिल्लीत ठरलेलं आहे.

हक्क चांगलेच आहेत, पण सगळे जरा मऊ कापडाचे. प्रयत्न करावा. छापाव्यात. आणि 350 मधली मेख अशी, की अर्ज तुमच्या भाषेत करता येतो, उत्तर कुठल्या भाषेत यावं याबद्दल कलम गप्प आहे. हीच गोष्ट सीमेपलीकडे, जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कन्नड शेतकऱ्यालाही लागू. त्याच्या हातातला सात-बारा मराठी असतो आणि तोही कुणाकडून तरी वाचून घेतो. सीमा उद्या हलली, तरी कागद न वाचता येणारा कुणीतरी उरणारच. आम्ही तिसऱ्या आणि 131 व्या कलमावर आयुष्यं घालवली. 350 वर किती अर्ज केले? माझ्यापुरतं सांगतो, त्या दिवसापर्यंत एकही नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबांना घेऊन मी एका कचेरीत गेलो. आडनाव आणि चार गुंठे दुरुस्त करण्याचा अर्ज मराठीत लिहिला होता, वर कलमाचा आकडा घातला. खिडकीतल्या कारकुनानं वाचला, आणि चांगल्या मराठीत म्हणाला, "साहेब, कन्नडमध्ये लिहून आणा." मी आकड्यावर बोट ठेवलं. तो आत गेला. वीस मिनिटं गेली. आजोबा बाकावर बसून तंबाखू मळत होते. बाहेर आला तो दुसऱ्या प्रतीवर पोच मारूनच. "घेतलाय," म्हणाला, "उत्तर यायला वेळ लागंल."

आजोबांनी पोच उजेडात धरली. शिक्का कन्नडमध्ये होता. त्यांनी अंगठ्यानं त्यावरची तारीख शोधली, ती इंग्रजी आकड्यांत होती. "एवढं येतंय मला वाचाय," म्हणाले, आणि घडी घालून पिशवीत ठेवलं.