दहावीची गुणपत्रिका आणि राज्य मंडळ



दरवर्षी आपल्या राज्यात सुमारे १६ लाख मुलेमुली दहावीला बसतात. निकालानंतर त्यांच्या हाती जी गुणपत्रिका पडते तिच्यावर विभागीय सचिवांची सही असते. गडचिरोलीच्या मुलीने ती पुण्याच्या कॉलेजात दाखवली, तर तिची शाळा चांगली की वाईट हे तिथे कोणी विचारत नाही. ८२ टक्के म्हणजे ८२ टक्के. हा विश्वास कुठून आला आणि आज तो कुठे झिजतो आहे, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

१९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हा साऱ्या राज्याला चालेल असा एक कागद नव्हता. पश्चिम महाराष्ट्राला जुन्या मुंबई राज्याचे एस.एस.सी. बोर्ड होते, विदर्भ मध्य प्रदेशाची घडी घेऊन आला होता, मराठवाडा हैदराबादची. १९६५ साली माध्यमिक शिक्षण मंडळाचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळाचे काम सुरू झाले. नकाशावरचे राज्य घराघरांत एक झाले, त्यात या मंडळाचा वाटा मोठा आहे असे मी मानतो.

मंडळाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि विभागीय मंडळे नऊ. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग पूर्वी कोल्हापूर विभागात होते, आता त्यांचे स्वतंत्र कोकण मंडळ आहे. पण खरी खुबी कामाच्या वाटणीत आहे. पाठ्यपुस्तक बालभारती छापते, शिक्षकांचे प्रशिक्षण राज्याची शैक्षणिक संशोधन परिषद पाहते, परीक्षा मंडळ घेते. परीक्षेतही प्रश्नपत्रिका राज्य मंडळ काढते आणि केंद्रे, उत्तरपत्रिका, निकाल विभागीय मंडळ सांभाळते. पेपर तपासणाऱ्या शिक्षकाला पेपर कोणाचा हे कळत नाही. त्याच्या तपासणीवर नियामक असतो, नियामकावर मुख्य नियामक. एकाच्या हाती सगळे राहू नये अशी ही मांडणी आहे, आणि ती आठ माध्यमांतल्या मुलांसाठी चालते.

या मंडळाचे मला सर्वांत मोलाचे वाटते ते काम मात्र क्वचितच कोणी बोलून दाखवते. सतरा नंबरचा फॉर्म! शाळा सुटलेली मुलगी, लग्न होऊन गेलेली बाई, गॅरेजात लागलेला पोरगा, हा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षेला बसतात. त्यांना तीच प्रश्नपत्रिका मिळते, तोच नियामक मिळतो. शाळेने हात सोडला तरी मंडळाने सोडलेला नसतो.

आता झिजेकडे येतो. २०१८-१९ साली दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातचे २० गुण काढून घेण्यात आले. निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. केंद्रीय मंडळाच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, मग आमची मुले अकरावीच्या प्रवेशात मागे पडणार, अशी ओरड झाली. ती रास्तच होती. पुढच्याच वर्षी २० गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, त्यामुळे सगळी वाढ या गुणांच्या खाती टाकता येणार नाही. तरीही एक गोष्ट लपत नाही. बारा महिन्यांत मुले इतकी बदलत नसतात, मोजण्याची पट्टी बदलते. आणि ती पट्टी प्रवेशाच्या चढाओढीत, पालकांच्या दबावाखाली, शासनाच्या निर्णयाने बदलली गेली.

या २० गुणांतल्या तोंडी परीक्षेला माझा विरोध नाही. मुलाला बोलता येते का, हे तीन तासांच्या पेपरात कळतच नाही. पण बहुतेक शाळा सगळ्यांनाच १८-१९ गुण देऊन मोकळ्या होतात, कारण न दिले तर नुकसान आपल्याच मुलांचे. यात शाळांना दोष देऊन काय साधणार? त्या गुणांवर नियामकच नाही. लेखी पेपरावर तीन नजरा आणि तोंडीवर एकही नाही, ही विसंगती मंडळाला दूर करता येईल. दर शाळेतल्या काही मुलांची तोंडी परीक्षा दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने पुन्हा घ्यावी. त्यासाठी त्याला शाळेच्या कामातून मोकळे करावे आणि मानधन वेळेवर द्यावे.

दुसरी मागणी कायद्यातलीच आहे. माध्यमिक शिक्षणाच्या धोरणाबाबत शासनाला सल्ला देणे हे मंडळाचे कर्तव्य कायद्याने ठरवलेले आहे. अध्यक्षांची नेमणूक शासन करते, म्हणून हा सल्ला बंद दाराआड राहू नये. मूल्यमापनाची पद्धत बदलण्याआधी मंडळाने आपले मत कारणांसह छापावे, ते जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर पोचावे, आणि शासनाने ते मानले नाही तर का मानले नाही हेही त्याच कागदावर यावे.