भाडं कशावरून ठरतं?

मागे एकदा मध्यरात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन लावला, तर त्याचा पहिला प्रश्न: "कॅश आहे ना?" म्हणून आज मुंबईच्या १२९८ ची गोष्ट.

शफी मेथर यांच्या आईचा केरळात असाच एका रात्री श्वास अडकला. घरच्या गाडीतून हॉस्पिटल गाठलं, आई वाचली. पुढे २००५ च्या सुमारास त्यांनी मित्रांसोबत मुंबईत ॲम्ब्युलन्सची कंपनी काढली. ट्रस्ट नाही हं, कंपनी.

गरिबाला स्वस्तात न्यायचं, पण गरीब कोण हे ठरवायचं कसं? माझ्यासारख्या इंजिनिअरने उत्पन्नाचा दाखला अपलोड करायला लावला असता! यांनी फक्त विचारलं, पेशंटला कुठे न्यायचंय? महागड्या खासगी हॉस्पिटलात, तर पूर्ण भाडं. केईएम, सायनसारख्या ठिकाणी, तर बरंच कमी. रस्त्यावर अपघातात सापडलेल्याला फुकट. तो खर्च पूर्ण भाड्यातून निघायचा.

एक खटकतं. जवळचं हॉस्पिटल खासगीच असेल, तर चाळीतल्या माणसालाही पूर्ण भाडं पडणार ना?

आता २०१४ पासून आपल्याकडे सरकारची १०८ आहे, मोफत. त्या रात्री मला तो नंबर आठवलाच नाही. बाबा बरे आहेत. नंबर आता त्यांच्याही फोनमध्ये आहे.