सब्र कोणाच्या कामी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



कामगार आपली श्रमशक्ती विकतो, मन विकत नाही, असे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो. ते विधान आज तसेच उभे राहत नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला व प्रवाशापुढचे हास्यदेखील पगारी श्रमच असतात, हे दाखवून दिले. पुढे १९९५ साली डॅनिएल गोलमन यांच्या पुस्तकाने ‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द व्यवस्थापकांच्या तोंडी रुळविला. राग ओळखणे, तो आवरणे, दुसऱ्याचे मन जाणणे, हे गुण आता कामाच्या मोजमापात आले.

या विचाराची धर्माशी सांगड कशी घातली जाते, याचे उत्तम उदाहरण इंडोनेशियात सापडते. जावा बेटावरील क्राकाताऊ स्टील हा सरकारी पोलाद कारखाना. १९९७-९८ च्या आर्थिक अरिष्टानंतर सरकारी संरक्षण ओसरू लागले, खाजगीकरणाची चर्चा सुरू झाली. त्या काळात तेथे आरी गिनांजार यांचे ‘ईएसक्यू’ हे भावनिक-आध्यात्मिक प्रशिक्षण आले. त्यात रोजा म्हणजे आत्मसंयमन, जकात म्हणजे परस्परसहकार्य, असा इस्लामच्या स्तंभांचा व्यवस्थापकीय अर्थ लावला जाई. शिबिरात माणसे ढसाढसा रडत. मानववंशशास्त्रज्ञ डारोमिर रुडनित्स्की यांनी २०१० च्या आपल्या ग्रंथात हे सारे नोंदविले आहे. त्याच वर्षी कारखान्याचे समभाग बाजारात आले.

याची टवाळी करण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. लाचलुचपतीला आळा बसावा, हीही त्यामागील एक प्रामाणिक तळमळ होती. शिवाय अंतःकरणाच्या मशागतीची परंपरा इस्लाममध्ये जुनी आहे. बगदादच्या निजामिया विद्यापीठातील मानाचे पद १०९५ साली सोडून गेलेल्या गझालींनी क्रोध, मत्सर, अहंकार यांची चिकित्सा केली. सब्र आणि आत्मपरीक्षण यांवर विस्ताराने लिहिले. थकलेल्या कामगाराला नमाजाच्या चार क्षणांत जे बळ मिळते, ते खोटे नव्हे.

परंतु त्याच धर्मात दुसरीही बाजू आहे, आणि ती आहे ‘अद्ल’ म्हणजे न्यायाची. कुराणाचा ८३ वा अध्याय मापात मारणाऱ्यांच्या निषेधाने सुरू होतो. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याचे दाम चुकते करावेत, ही शिकवण हदीसमध्ये आहे. मग कामगाराला सब्राचे धडे देणारे शिबिर मालकाला मापाचा धडा का देत नाही? अर्धा धर्म शिकविणे म्हणजे मापात मारणेच होय!

आपल्याकडे तर प्रश्न त्याही आधी सुरू होतो. २००१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के होते. २००६ च्या सच्चर समितीला रेल्वेच्या नोकरवर्गात ते अवघे ४.५ टक्के आढळले. ज्याला नोकरीचे दारच उघडत नाही, त्याला नोकरीतील मनःशांती काय शिकवावी? भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर उभ्या असलेल्या कामगाराच्या अंगी सब्र कमी नाही. कमी आहे ती मजुरी आणि सुरक्षितता.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच : त्याच्या श्रद्धेचा आदर राखा, तिच्याशी वाद घालत बसू नका. सब्र हे त्याचे धन आहे. ते मालकाच्या खात्यावर जमा होऊ नये, एवढे पाहणे हे संघटनेचे काम आहे.